वत्सलक्का आणि सरकारचे पैसे

वत्सलक्का गेल्याचं सांगायला तिचे वडील स्वतःच आमच्या शाळेत आले. मी आठवीचा वर्ग घेत होते. दारात रामोजीराव उभे, टोपी हातात. चिकपेटेतल्या त्यांच्या शिवणाच्या दुकानातही त्यांना असं बोडक्या डोक्यानं मी कधी पाहिलं नव्हतं. "वत्सला गेली, बाळ," एवढंच ते म्हणाले आणि वर्गातल्या मुलींना उगीच नमस्कार करून मागे वळले... त्याला आता महिना होऊन गेला.

आम्ही एकाच आळीत वाढलो. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. आमच्या या जुन्या बेंगळुरी मराठी घरांतून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. पदार्थविज्ञान घेतलं तेव्हा ज्ञातीतली वडीलधारी मंडळी हसली आणि पैशाचा विषय निघताच उठून गेली. सरकारनं शिक्षणासाठी कर्ज दिलं. जामीन म्हणून रामोजीरावांनी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अण्णांनी, मोडी वळणाची सही केली. ती पहिल्या वर्गात पास झाली. प्राध्यापक पुढे संशोधन कर म्हणत होते, पण कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. तिनं एका कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी धरली. प्रयोगशाळेचं नाव पुन्हा काढलं नाही.

धारवाडकडचं एक स्थळ आलं होतं. कॉफी झाल्यावर मुलाच्या काकांनी कर्जाचं विचारलं. अण्णा काही बोलण्याआधी तीच म्हणाली की लग्नानंतरही ते तिच्याच पगारातून जाईल. माणसं सभ्य होती, हसून उठली, आणि मग काही कळवलंच नाही. नंतरच्या दोन स्थळांचंही तेच झालं.

या कर्जावरून आमचा वाद व्हायचा, लालबागेत फिरताना. मी म्हणायची, सरकारनं ही कर्जं सोडून द्यावीत. रस्ता बांधला म्हणून चालणाऱ्याकडून कुणी पैसे परत मागत नाही. तिला ते पटायचं नाही. ज्ञातीत कुणी दिले नाहीत तेव्हा सरकारनं दिले, आणि मी बुडवले तर मागून येणाऱ्या पोरीला कुठून देणार, असं ती शांतपणे विचारायची. तिच्या खात्यातले लोक रेडिओ हप्त्यानं घेत, शिवणयंत्र हप्त्यानं घेत. अख्खं गाव पुढच्या महिन्याच्या पगारावर जगायला लागलं होतं. तिनं मात्र या एका कर्जाखेरीज कुणाची पैही घेतली नाही.

लहानपणच्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि मला काहीतरी विचारल्यासारखं करायची. डॉक्टरांनी लांब रजा घ्या, वेलूरच्या मोठ्या इस्पितळात जाऊन दाखवा, असं सांगितलं. रजा बिनपगारी होती. हप्ता चुकला तर नोटीस अण्णांच्या नावावर येणार. पुढच्या वर्षी बघू, म्हणाली. पुढच्या वर्षीही तेच म्हणाली.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. पाय सुजले होते, उशांना टेकून बसली होती. आपणहून म्हणाली, "तू म्हणत होतीस ते स्वल्प बरोबर होतं गं. सगळ्यांचं माफ नको. पण ज्याला झेपतच नाही, त्याला जाऊन विचारायला तरी कुठं जागा असावी." मग दम लागला... मी तिचा हात धरून बसले.

गेल्या आठवड्यात अण्णांबरोबर मी कर्जाच्या सरकारी कचेरीत गेले. जामीन आपण, तेव्हा उरलेले हप्ते आपणच भरायचे, असं अण्णांनी धरलं होतं. कारकून भला माणूस होता. त्यानं बसायला खुर्ची दिली आणि कन्नडमध्ये समजावलं की मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करा, राहिलेली रक्कम माफ होते, तसा नियम आहे.

 अण्णांनी विचारलं, "ती आजारी असताना आलो असतो तर?"

"त्याला नियम नाही," कारकून म्हणाला. त्यानं मान खाली घातली होती.

अर्ज मीच लिहिला. कारणाच्या रकान्यात मुलीचं निधन असं लिहून वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "शिकलेली होती, तेही लिही." रकान्यात जागा उरली नव्हती. मी ते समासात लिहिलं आणि त्याखाली अण्णांनी सही केली.