दाजींचा रिव्हर्स

आजवर जगात जी जी माणसं संध्याकाळी धडधाकट घरी पोचली, ती सगळी आपल्यामुळंच पोचली, असा आमच्या दाजींचा ठाम समज होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नव्वदच्या दशकात आखाडा बाळापूरच्या रस्त्याला कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना निघाला, तिथं गाठी उचलून रचायची डिझेलवरची गाडी, म्हणजे फोर्कलिफ्ट, आली आणि दाजी त्यावर ऑपरेटर म्हणून बसले. बसले ते बसलेच. संध्याकाळी घरी यायचे तेव्हाही मनानं ते त्याच सीटवर असायचे.

सकाळी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय दाजी चावीला हात लावत नसत. डिझेल, ऑइल, पाणी, टायर, साखळी, ब्रेक, हॉर्न. चांगली सवय आहे, कोण नाही म्हणतो? पण माणसानं ती कारखान्यातच ठेवून यावी की नाही? एकदा आम्ही हिंगोलीला निघालो, तर दाजी उभ्या एसटीभोवती फिरून चाकांना लाथा मारू लागले. ड्रायव्हर खाली उतरला. "काहून लाथा घालून राहिले?" दाजी म्हणाले, "तुमीच चालवा, माझी हरकत न्हाई. पण मागचं डावं टायर बसलंय." खरंच बसलं होतं. चाक बदलेपर्यंत तासभर गेला आणि सगळे प्रवासी दाजींकडे असे काही बघत होते, की मी गुपचूप शेजारच्या रसवंतीत जाऊन बसलो.

वळणावर हॉर्न द्यायचा, हा दुसरा नेम. कारखान्यात गाठींच्या थप्पीआडून कोण येईल सांगता येत नाही, कबूल. पण घर कसलं, दोन खोल्यांचं. तरी स्वयंपाकघराच्या दारात आले की दाजी तोंडानं "पॅं पॅं" करत, कारण आतून अक्का गरम वरणाचं पातेलं घेऊन येत असेल तर? पहिली दोन वर्षं अक्का लाजेनं अर्धी झाली, मग तीही आतून "पॅं" म्हणू लागली. त्यांची लेक प्रज्ञा तर आई-बाबा म्हणायच्या आधी पॅं म्हणाली.

सगळ्यांवर कडी म्हणजे रिव्हर्स. गाठी डोळ्यांपेक्षा उंच रचल्या की समोरचं दिसत नाही, मग गाडी उलटी चालवायची, मान मागं वळवून, सावकाश. "समोरचं दिसत न्हाई तर उलटं चालावं, मेव्हणे. त्यात लाज कशाची?" हे मला त्यांनी शंभरदा ऐकवलंय. घरी टीव्ही आला तेव्हा भलंमोठं खोकं पोटाशी धरून दाजी अख्ख्या गल्लीतून उलटे चालत आले, आणि गल्ली पॅं पॅं करत वाट देत होती.

पुढं प्रज्ञाचं लग्न सेनगावला ठरलं. सासरची मंडळी शिक्षक, मोजकं बोलणारी. पोरगी रडकुंडीला आली. "बाबा, एकच दिवस. फेरी न्हाई, हॉर्न न्हाई, उलटं चालणं तर बिलकूल न्हाई. ते लोक मला जन्मभर चिडवतील." दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेव्हणे, दिवसभर माझ्याजवळून हलू नका. माझा मलाच भरवसा न्हाई."

लग्नात मंडपाच्या खांबांकडं नुसतं बघून त्यांना घाम फुटत होता. वरणाची बादली घेऊन वाढपी कनातीच्या वळणावर आला, तेव्हा दाजींच्या गळ्याची घाटी वरखाली झाली, पण हॉर्न त्यांनी गिळला. बुद्धवंदना झाली, फुलं पडली, पंगती उठल्या. पठ्ठ्यानं शब्द पाळला होता.

पाठवणीला जीप लागली. दाजींनी प्रज्ञाचा हात धरला, दोन पावलं चालले आणि थांबले. मग वळले, तिच्याकडं तोंड केलं आणि जीपच्या दिशेनं उलटे चालू लागले. सासरची माणसं बघतच राहिली. मी पुढं होऊन त्यांचा दंड धरला. "दाजी, शब्द दिलाय तुमी."

"काय करू," ते म्हणाले, "समोरचं दिसून न्हाई राहिलं."

डोळे तुडुंब भरले होते. उलटं जाताना हॉर्न द्यायला हवा, म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण घशातून आवाजच निघेना. तेव्हा प्रज्ञानंच, रडत रडत, सगळ्या सासरच्या माणसांसमोर, मोठ्यानं "पॅं पॅं" केलं. माणसं बाजूला झाली, आणि दाजींनी लेकीला जीपपर्यंत सुखरूप पोचवलं.