मला काही झालं नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला ताप माहीत आहे — त्या रात्री दोन पांघरुणं त्यांनीच घातली होती — पण त्यापुढचं त्यांनाही नाही.

करोनाची लस आली तेव्हा मी पुण्यातल्या एका रुग्णालयात वॉर्डची मुख्य परिचारिका होते. पहिली लस आम्हालाच. लशीनंतर कुणाला काय होतंय, कुणाला घरी पाठवायचं, हे बघणं माझ्याकडे. ताप आला तर एक दिवस विश्रांती, असं वरूनच ठरलं होतं. म्हणजे नियमाला नावं ठेवायची सोय नाही.

लस घेतली त्या रात्री मला सणसणून ताप भरला. सकाळी गोळी घेतली, तोंडाला पावडर लावली आणि कामावर गेले. वॉर्डातल्या सगळ्या जणी विचारायला जमल्या. खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी म्हणाले, "मला काही झालं नाही. हातसुद्धा दुखला नाही." त्या कौतुकाने बघत राहिल्या — आणि मला ते आवडलं. एवढंच. इतरांना धीर यावा वगैरे कारणं मी नंतर तयार केली.

मग मालन मावशींनी लस घेतली. बिबवेवाडीहून यायच्या, वॉर्डची साफसफाई त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी आल्या त्या डोळे लाल घेऊनच. "सिस्टर, अंग लई मोडून आलंय. जाऊ का घरी?" मी त्यांच्या कपाळाला हात लावला नाही. लावला असता तर — कळलं असतं ना. म्हणून नाही लावला. "अहो मावशी, लस घेतलीत, बाळंतपण नाही. मला झालं का काही?" बाकीच्या हसल्या. मावशीही हसल्या आणि बादली उचलून गेल्या.

दुपारी जिन्यात चक्कर येऊन पडल्या. उजवं मनगट मोडलं, आणि जुळलं ते वाकडंच. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. उलट, "माझंच अंग कच्चं. आमच्या सिस्टरना बघा, काही झालं नाही," असं येईल त्याला सांगायच्या. मी शेजारी उभी राहून ऐकायचे. लाज वाटायची.

मी निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ द्यायला मावशींनाच पुढे केलं. त्यांनी नारळ डाव्या हाताने दिला आणि ओशाळून म्हणाल्या, "सिस्टर, राग मानू नका, उजव्यात पेलत नाही."

तेव्हा तरी? सगळा वॉर्ड समोर होता, मावशी समोर होत्या.

"असू दे हो," मी म्हणाले, आणि नारळ घेतला.