माफीचा कोला

देशात कोणी निवडून येवो नाहीतर पडो, मरायचं काम राजधानीतल्या आमच्या बांबेटो वस्तीचंच. टायर आमच्या चौकात जळतात, गोळ्या आमच्या गल्लीत सुटतात आणि नंतर शांततेची भाषणंही आम्हालाच ऐकवतात. वर तोंड करून!

या चौकामागे दलांदा निळीत कापड रंगवते. हात कोपरापर्यंत निळे, जीभ तिखट. तीन वर्षांपूर्वी, मतमोजणीच्या आठवड्यात, तिचा पोरगा लामाराना घराच्या उंबऱ्यावर चपला घालत असताना गणवेशातल्या एका माणसानं त्याच्या पाठीत गोळी घातली. प्रेत हवं असेल तर 'अपघात' लिहिलेल्या कागदावर सही कर, असं दलांदाला सांगितलं. तिनं नाही केली. सहा दिवस शवागाराच्या दारात बसून राहिली. सातव्या दिवशी कंटाळून त्यांनी प्रेत दिलं. त्याला पुरून आली आणि तिनं तक्रार केली, स्वतःच्या नावानिशी. त्या आठवड्यात गल्लीतली पाच पोरं गेली होती. नाव द्यायची छाती एकटीचीच झाली.

खटल्याची पहिली तारीख पडली सोमवारची. त्याच्या आधीच्याच गुरुवारी कोला आला.

दलांदा कापड धुवायला गेली होती, नेमकी तीच वेळ साधून गोळी घालणाऱ्याच्या वतीनं वस्तीप्रमुख अंगणात आला. हातात पानात बांधलेले दहा कोला, सुपारीसारख्या चघळायच्या तांबड्या बिया. आमच्यात माफी मागायची ती कोला देऊन. तो घेतला की राग मिटला, मग कोर्टात उभं राहायला तोंड उरत नाही. घरातला मोठा म्हणून तिचा थोरला दीर बोबो पुढे झाला आणि दोन्ही हातांनी घेऊन मोकळा झाला. एक स्वतःला ठेवला, नऊ घरी नऊ वाटले. ज्यानं खाल्ला तो माफीचा साक्षीदार.

दलांदा परतली तेव्हा बोबो ओट्यावर बसला होता.

"कुणाला विचारून घेतलात, भावजी?"

"घरात मोठा मी आहे."

"मोठे होतात, तर माझं पोर पडलं तेव्हा खाटेखाली का लपलात?"

कोला परत करायचा तर दिवस मावळायच्या आत, आणि दहाच्या दहा, हे दोघांनाही ठाऊक होतं. दलांदानं रिकामं पान उचललं आणि ती निघाली.

दारोदार हात पसरत फिरली. सात जणांनी मान खाली घालून कोला तिच्या हातावर ठेवला. शिंपी सादिओनं अर्धा मोडून खाल्ला होता. "उरलेला दे," ती म्हणाली, "तुझी अर्धी माफी तुलाच लखलाभ." त्यानं उरलेला दिला, खाल्लेल्याच्या जागी घरातल्या कोलाची अर्धी फोडही जोडली. हाजा बिंताचा मात्र हात पुढे येईना.

"माझा एक अजून जिवंत आहे गं," म्हातारी म्हणाली. "उद्या त्याला उचलून नेलं तर?"

"आई, कोला खाल्ला म्हणून ते त्याला सोडणार आहेत का? तुमच्या थोरल्यानं कुणाचं काय वाकडं केलं होतं?"

म्हातारी रडली, शिव्या दिल्या, सरकारला आणि दलांदालाही. मग पदराची गाठ सोडली.

नऊ झाले. दलांदा ओट्यापाशी आली. बोबोचा गाल फुगलेला होता, ओठ तांबडे.

"मी खाल्ला," तो म्हणाला. "आता काय करणार? दलांदा, मलाही पोरं आहेत. रोज त्या चौकातून जातात. तू मेलेल्यासाठी भांडतेस, मी जित्यांसाठी भितोय."

"भ्या की. भिण्याबद्दल मी कधी बोलले? पण माझ्या लेकराच्या रक्ताला माफी द्यायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

तिनं निळा तळवा त्याच्या हनुवटीखाली धरला.

"थुंका, भावजी."

गल्ली बघत होती. बोबोनं इकडे तिकडे पाहिलं. सत्तरीचा माणूस, मशिदीत पहिल्या रांगेत बसणारा. मग तो वाकला आणि थुंकला.

तो लाल चोथा तिनं बाकीच्या नवांत ठेवला, पान बांधलं आणि वस्तीप्रमुखाच्या अंगणात जाऊन त्याच्या पुढ्यात टाकलं.

"मोजून घ्या," ती म्हणाली. "एक चावलेला आहे, तो आमच्या मोठ्यांचा. सोमवारी मी जाणार आहे."