एकोणीस मिनिटांत आलेलं उत्तर

सकाळचे साडेआठ. दुसऱ्या लाटेतला एप्रिल. तासगावच्या बाहेर, मगदूम आण्णांच्या घराला लागून असलेली बेदाण्याची शेड.

या ठिकाणी उभं राहून मी सत्तावीस वर्षांच्या एका धडधाकट मुलीला मारलं. हात न लावता, इंग्रजीत. चहा आधीच पिऊन घ्या, सांगेपर्यंत गार होईल.

एकतीस वर्षं मी सांगलीच्या एका दैनिकात बातमीदारी केली. भांडखोर म्हणून माझं नाव होतं आणि ते मी मेहनतीनं कमावलं होतं. तहसीलदारांशी भांडलो, कारखान्याच्या संचालकांशी भांडलो, आणि कुणीच मिळालं नाही तर आमच्या संपादकांशी भांडलो. त्या एप्रिलमध्ये मला एक नवीन शत्रू सापडला. एका थंड देशाचं व्हिसा ऑफिस. देशाचं नाव घेत नाही. आमच्या वकिलांनी हात जोडलेत.

प्रकरण असं. आण्णांची मुलगी त्रिशला. महामारीच्या थोडं आधी तिचं लग्न झालं, फलटणच्या श्रेणिकशी. तो त्या थंड देशात नोकरीला. बारा दिवस संसार झाला, तो परत गेला, मागोमाग हिची व्हिसाची फाइल गेली, आणि मग जग बंद झालं. चौदा महिने! पत्र नाही, फोन नाही, ईमेलला उत्तर नाही. वेबसाइट उघडली की एकच ओळ: अर्ज विचाराधीन आहे. अहो, बारा दिवसांच्या लग्नाचा चौदा महिने कसला विचार करताय?

आदल्या दिवशी मी तिला भेटायला गेलो. पोरगी हुशार, एम.एस्सी. झालेली. ती म्हणाली, "काका, मला आता त्याचा आवाज फोनमधलाच आठवतो. खरा कसा होता ते विसरले." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. फाइलचा नंबर आणि व्हिसा ऑफिसचा ईमेल पत्ताही घेतला. फोटो मागितला, तर तिनं व्हिसासाठी काढलेलाच दिला. तुम्ही बघितलेत का असे फोटो? मागं पांढरंफेक, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. माणूस कुठं निघालाय तेच कळत नाही.

निघताना ती म्हणाली, "उद्या साडेआठला या. रोज त्या वेळी आमचा कॉल असतो. तुम्हीच बोला त्याच्याशी."

संध्याकाळी मी बातमी पाठवली. फोटो वेगळा पाठवला आणि सवयीनं त्यावर लिहिलं: 'पान ४. त्रिशला, तासगाव, वय २७. चौदा महिने वाट पाहिली.'

एकतीस वर्षं पान चार म्हणजे तालुक्याचं पान. पण त्या आठवड्यात माणसं इतकी जात होती की संपादकांनी अख्खं पान चार श्रद्धांजलीला दिलं होतं आणि तालुका ढकलला होता सहावर. मला माहीत नव्हतं असं नाही. त्यावरून मीच संपादकांशी पाऊण तास भांडलो होतो. भांडण लक्षात राहिलं, पान विसरलो.

बातमीला सहाव्या पानावर जागा मिळाली नाही. फोटोला चौथ्यावर मिळाली.

हे मला सकाळी समजायला हवं होतं. पण आमच्या सोसायटीनं विषाणूच्या भीतीनं पेपर बंद केलेले. म्हणजे मी ज्या पेपरात काम करतो, तो माझ्याच घरात येत नव्हता. मी स्कूटर काढली आणि निघालो. रस्ता रिकामा. इतका रिकामा की स्कूटरचा आवाज मला माझ्याच मागून येतोय असं वाटत होतं.

शेडपाशी पोचलो आणि पाय थबकले. आत जाळ्यांचे थर, त्यांवर सुकत पडलेली द्राक्षं. बाजूंनी हिरवं कापड ताणलेलं. आणि त्याच्या सावलीत सात-आठ माणसं, एकमेकांपासून सहा सहा फुटांवर, मास्क लावून उकिडवी बसलेली. हिरवट उजेड सगळ्यांच्या कपाळांवर. कुणी हलत नव्हतं. वाळणाऱ्या द्राक्षांचा गोडसर आंबूस वास, आणि वाऱ्यानं कापड फुगत होतं, पडत होतं, जसा कुणी श्वास घ्यावा.

"कोण गेलं?" मी विचारलं. त्या दिवसांत रामरामच्या जागी हेच विचारत असत.

त्रिशलाचे मामा, तात्या, आटपाडीहून मोटरसायकलवर आलेले. ते म्हणाले, "म्हंजे तुमाला ठाव न्हाई? आमची त्रिशला गेली."

"कालच मी बोललो तिच्याशी."

"आवं, रोगच तसला हाय. काल बोलतंय, आज न्हाई."

आण्णा आणि वहिनींचं विचारलं, तर शेजाऱ्यानं सांगितलं की दोघं पहाटे पाचलाच दवाखान्याकडं गेलेत. पुढं विचारायची गरजच राहिली नाही. दारावर कुणी थाप मारलेली नव्हती. त्या दिवसांत मेलेल्याच्या घराची कडी कोण वाजवणार?

"पण तुम्हाला कळवलं कुणी?"

"तुमच्याच पेपरात आलंय न्हवं!"

आता माझी अक्कल बघा. मला वाटायला हवं होतं की पेपर उघडून बघावा. मला काय वाटलं? माझ्या तालुक्यातली बातमी मला न सांगता दुसऱ्या कुणी तरी लावली! आधी मला त्याचा राग आला. मग दुःख झालं. क्रम खरा सांगतोय. आणि शंका? शंका कसली? आमच्या पेपरात छापून आलंय म्हणजे खरंच असणार.

मग डोकं फिरलं. चौदा महिने वाट पाहून पोरगी गेली आणि त्या थंड देशात कुणाला पत्ता नाही! तिथंच उभ्या उभ्या फोन काढला आणि व्हिसा ऑफिसला ईमेल ठोकला. वर फाइलचा नंबर. खाली लिहिलं की तुमची अर्जदार तुमच्या उत्तराची वाट बघत आज मरण पावली, आता तरी लाज वाटू द्या. माझी आयुष्यातली सर्वांत चांगली इंग्रजी त्या ईमेलमध्ये आहे. आठ वाजून बावन्न मिनिटांनी तो गेला.

पाठवून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी जमलेल्या लोकांपुढं बोलायला लागलो, तशी ती उठून उभी राहिली. म्हणालो, हा आजारानं झालेला मृत्यू नाही, हा कागदानं केलेला खून आहे. तात्या मान हलवत होते. एक बाई हुंदके देत होती. मला चेव चढला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, कोण गेलं?"

"त्रिशला!" मी न वळता म्हणालो आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

ते वाक्य मी एकटाच ऐकत होतो. समोरच्या सगळ्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून मागं गेले होते. हुंदके देणारी बाई खाली बसली. तात्यांनी दोन पावलं मागं घेतली आणि मास्क वर ओढून नाक नीट झाकलं. भुताचा संसर्ग होतो अशी त्यांची समजूत असावी.

मी वळलो. हिरव्या कापडाच्या पलीकडं, गच्चीच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती उभी. डोक्याला पांढरा टॉवेल. हसत नव्हती. दोन्ही कान दिसत होते.

खरं सांगतो, त्या क्षणी ती मेलेली नाही हे मला पटायला वेळ लागला. एकतीस वर्षांची नोकरी एका बाजूला होती आणि ती एका बाजूला.

"माझ्या फोनला रेंज गच्चीवरच येते," ती म्हणाली. "श्रेणिक मधेच रडायला लागला आणि फोन कट केला. काय झालंय?"

श्रेणिकचं काय झालं ते नंतर कळलं. तो तिच्याशी बोलत असतानाच फलटणहून त्याच्या चुलत्याचा निरोप आला: त्रिशला गेली, धीर धर. त्यानं घाबरून स्क्रीनवर बघितलं, आणि नेमका त्याच वेळी नेटवर्क अडकून तिचा चेहरा गोठला. अर्धवट उघडं तोंड, पापणी लवत नाही. किती वेळ तो त्या चेहऱ्याकडं बघत बसला, ते त्याला अजून सांगता येत नाही.

आण्णा आणि वहिनी साडेनऊला परतले. लशीच्या रांगेत उभे होते दोघं. दारात माणसं बघून वहिनींनी विचारलं, "कोण गेलं?" सगळे माझ्याकडं बघत होते.

पण त्याच्याही आधी, नऊ वाजून अकरा मिनिटांनी, माझा फोन वाजला होता. व्हिसा ऑफिस! चौदा महिने ज्यांनी जिवंत बाईला एक ओळ लिहिली नाही, त्यांनी मेलेल्या बाईसाठी एकोणीस मिनिटांत उत्तर दिलं. तिकडं तेव्हा रात्रीचे साडेअकरा होऊन गेलेले. कोण बसलं होतं कचेरीत? 'आपल्या दुःखात सहभागी आहोत. अर्जदाराच्या निधनाची नोंद आमच्याकडे आहे. फाइल बंद करण्यात आली आहे.' सोबत एक पत्र जोडलेलं.

त्रिशलानं ते वाचलं आणि फोन परत दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "काका, रांगेत माझा नंबर होता."

मी लगेच खुलासा लिहिला: सदर महिला हयात आहेत. आता आमच्याकडं नियम असा, की चूक ज्या पानावर झाली, खुलासाही त्याच पानावर, तेवढाच ठळक. हा नियम कुणी भांडून करून घेतला होता? मीच. त्यामुळं दुसऱ्या दिवशी त्रिशला पुन्हा पान चारवर, त्याच फोटोसह, दोन श्रद्धांजल्यांच्या मधे. पहिल्या दिवशी ज्यांचं बघायचं राहिलं होतं, ते दुसऱ्या दिवशी भेटायला आले.

मग ती जिवंत असल्याचा पुरावा. पेन्शनवाले म्हातारे वर्षाला देतात तो हयातीचा दाखला. तिला स्कूटरवर मागं बसवून मी तहसीलला नेलं. कारकून म्हणाला, "पेन्शन नंबर?" मी म्हणालो, तिला पेन्शन नाही. तो म्हणाला, "मग जिवंत असल्याचा दाखला कशाला पायजे?" तासभर भांडलो. शेवटी त्यानं तिला मास्क खाली करायला लावला, दोन हात लांबून बघितलं आणि लिहिलं: समक्ष पाहिले, हयात आहेत. तो दाखला तिकडं गेला, तर विचारणा आली: दाखल्याच्या तारखेनंतरही अर्जदार हयात आहेत का?

आणखी तेरा महिने गेले. तेवढ्या काळात आण्णांच्या घरी मला चहा मिळाला, पण बस म्हणालं नाही कुणी. अखेर व्हिसा आला. ती आता तिकडं आहे, श्रेणिकजवळ. खरा आवाज कसा आहे विचारलं, तर म्हणाली, फोनपेक्षा बारीक आहे.

जायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना तिनं ते फाइल बंद केल्याचं पत्र माझ्यापुढं धरलं. "काका, तुम्ही ईमेल कधी केला होता?"

मी तारीख सांगितली. ती विसरणं शक्य नव्हतं.

"मग ही बघा."

पत्रावरची तारीख माझ्या ईमेलच्या अकरा दिवस आधीची होती. कारण: अर्जदार मयत. तेव्हा पेपरात काही नव्हतं. तात्या आटपाडीत होते. मी तर त्या पोरीचं नावही ऐकलं नव्हतं. आयुष्यात सगळ्या जगाच्या आधी दिलेली माझी एकच बातमी, आणि तीही कुणी तरी माझ्याआधी देऊन गेलं होतं.

कुणी कळवलं, हे विचारणारे सात ईमेल मी केलेत. उत्तर नाही. ते कसल्या ईमेलला लगेच उत्तर देतात, हे मला आता माहीत आहे. स्वतःच्या निधनाचा ईमेल लिहूनही ठेवलाय. चांगली इंग्रजी आहे. पण पाठवत नाही.

एकोणीस मिनिटांत उत्तर येईल, आणि त्यावर कधीची तारीख असेल, सांगा.