न विचारता लावलेला फोन

गजभियेकाका गेल्याचं मला काकूंनीच कळवलं. सकाळी साडेसातला, मी ऑफिसला निघायच्या बेतात असताना फोन वाजला. "गेले गं," एवढंच म्हणाल्या आणि मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला... मला फोनवर बोलायला जमत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनीही मला बोलायला लावलं नाही. तीन दिवसांनी त्यांच्या ईडन प्रेरीच्या घरी बुद्धवंदना झाली. मी दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभी होते. इथल्या मराठी मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ कॉफीचा कप धरून शेजारच्याला सांगत होते, "एवढा सॅटेलाइट फोन घेऊन गेले होते जंगलात. काय उपयोग झाला? व्हायचं ते झालंच." शेजारच्याने मान हलवली.  त्या दिवसाला आता पाच आठवडे झाले. तो फोन मी लावला होता. उपयोग झाला की नाही, हे मला माहीत आहे, आणि ते मी इथे लिहिणार आहे.

काका मूळचे नागपूरचे. पंचवीस वर्षांपासून मिनेसोटात, मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. मी इथे आले दोन वर्षांपूर्वी, दोन हजार साल उजाडल्यावर जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून चाललेल्या कामावर. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी माणसांत माझी जीभ अडखळायची, आणि फोनवर तर दोन्ही भाषांत. काका दर वर्षी सात-आठ मराठी मंडळींना घेऊन कॅनडाच्या सीमेजवळच्या तळ्यांत वल्हवायला जात. तिथे रस्ते नाहीत, मोटारबोटी नाहीत, मोबाइल चालत नाही. एक तळं संपलं की होडी खांद्यावर घ्यायची आणि झाडीतून चालत पुढच्या तळ्याशी जायचं. ऑफिसातल्या सुधीरने मला पहिल्यांदा नेलं तेव्हा काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जयभीम! पोहता येतं का, पोरी? नाही? मग लाइफ जॅकेट घाल आणि पुढे बस. बोलता येतं का, ते नंतर बघू."

त्याच सहलीत, तिसऱ्या दिवशी सुधीरच्या पोटात दुखू लागलं. आम्ही त्याला ओवा दिला. मग गरम पाणी. मग पुन्हा ओवा. "गॅस असेल" यावर सगळ्यांचं एकमत झालं. दोन तळी ओलांडली की वनखात्याच्या माणसांची चौकी होती आणि तिच्यात वायरलेस होता. पण "उगाच कशाला त्रास द्यायचा त्यांना," "विमान आलं तर केवढा तमाशा," "आणि निघाला गॅसच, तर?" असं करत आम्ही अख्खा दिवस घालवला. सुधीर स्वतःही म्हणत होता, "अरे यार, माझ्यामुळे ट्रिप कॅन्सल नको." दुसऱ्या दिवशी त्याला होडीत आडवा घालून बाहेर काढलं तोवर अपेंडिक्स फुटलं होतं. तो वाचला. पण परतीच्या वाटेवर गाडीत काका एकच वाक्य बोलले. "यंत्र नव्हतं म्हणून नाही झालं हे. आपण भिडेखातर माणूस मारत होतो."

त्या हिवाळ्यात त्यांच्या बेसमेंटमधल्या टेबलावर एकेक यंत्र येऊ लागलं. कुणाकडून मागून आणलेलं, कुठलं चार दिवसांसाठी भाड्याने घेतलेलं. ट्रकवाले वापरतात तो सीबी रेडिओ काकांनी पहिल्याच आठवड्यात बाद केला. चार-पाच मैलांत ऐकणारा ट्रकच नसेल तर बोलणार कुणाशी? मग समुद्रातल्या बोटींसाठी असतो तो संकटाचा बीकन आला. बटण दाबलं की उपग्रहाला कळतं, अमुक ठिकाणी माणूस अडचणीत आहे. सुधीरला तो फार आवडला. काका म्हणाले, "एक तर कायद्याने तो बोटीसाठी आहे, जंगलात मिरवायला नाही. दुसरं, तो नुसता ओरडतो, ऐकत नाही. पाय मोडलाय की छातीत दुखतंय, हे कोण सांगणार? आणि विमान येईपर्यंत काय करायचं, हे आपल्याला कोण सांगणार?" शेवटी उरला भाड्याचा सॅटेलाइट फोन. लॅपटॉपएवढा, झाकण हीच त्याची अँटेना. ते झाकण आग्नेयेच्या आकाशाकडे वळवायचं आणि सिग्नलच्या रेषा भरेपर्यंत इंच-इंच हलवायचं. मधे झाड आलं की संपलं. म्हणून काकांनी त्यानंतर तंबूच्या जागाही बदलल्या. आग्नेयेला उघडं पाणी नसेल तर कितीही सुंदर जागा असो, पुढे चला.

पण फोन पक्का करण्याआधी त्यांनी तो माझ्या हातात दिला. फेब्रुवारीत, घरासमोरच्या गोठलेल्या तळ्यावर, जाड हातमोजे घालून. "यंत्र शूर माणसासाठी निवडायचं नसतं," ते म्हणाले. "आपल्यात सगळ्यांत भित्रं कोण, त्याला जमलं पाहिजे. ती तू. लाव काकूला."

मी फोनकडे नुसती बघत राहिले.

"काहून गं, चावतो का तो?"

लावला. काकू म्हणाल्या, "अगं, कुठून बोलतेस?" मी म्हटलं, "तुमच्या खिडकीसमोरून." आवाज उपग्रहापर्यंत जाऊन परत येईतो थोडा वेळ जातो, त्यामुळे आम्ही दोघी एकदमच "हॅलो" म्हणत होतो आणि एकदमच थांबत होतो. काका पोट धरून हसले. "बघ, तुझ्यासाठीच बनवलाय. इथे सगळ्यांनाच थांबून-थांबून बोलावं लागतं!" आणि मग त्यांनी नियम केला. फोन जिच्याकडे, निर्णय तिचा. चर्चा नाही, मतदान नाही, कुणाला विचारणं नाही.

यंदा सप्टेंबरात, सहलीतल्या एका दुपारी तंबू ठोकताना काका एकदम खडकावर बसले. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. मी फोनची पेटी उघडली तेव्हा त्यांनी हात वर केला. "थांब. अर्धा तास बघू. गॅस असेल..."

काकांच्या तोंडून हे ऐकलं आणि मला त्यांचा राग आला. खराखुरा राग. ज्या माणसाने आम्हाला एक अख्खा हिवाळा हे वाक्य विसरायला शिकवलं, तोच आज तेच म्हणत होता. सुधीर माझ्याकडे पाहत होता, बाकीचे काकांकडे. "ते नको म्हणतायत ना," कुणीतरी हळूच म्हणालं. मी झाकण आग्नेयेकडे वळवलं. रेषा भरल्या. शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, ऑफिसात फोनवर एक बाई होत्या. त्या बोलायच्या, मी थांबायची, मी बोलायची, त्या थांबायच्या. त्यांनी ॲस्पिरिन चावून खायला द्यायला सांगितलं, कसं बसवायचं ते सांगितलं. दीड तासात पाण्यावर उतरणारं विमान आलं. विमानात चढवताना काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "विचारलं नाहीस मला." मी म्हटलं, "नाही."

त्यानंतर ते पाच दिवस जगले. मुलगी प्रज्ञा कॅलिफोर्नियाहून दुसऱ्याच दिवशी पोचली. इथेच जन्मलेली, बापाशी इंग्रजीतच बोलणारी. तिने मला नंतर सांगितलं, "वी टॉक्ड फॉर फोर डेज. वी हॅड नेव्हर डन दॅट." काकांनी तिला स्वतःच्या आईबद्दल सांगितलं, कोणत्या शाळेत कुठे बसायला लागायचं ते सांगितलं, कधीकाळी न बोललेलं पुष्कळ काही सांगितलं. काकूंनी त्यांना चमच्याने भात भरवला आणि मीठ कमी म्हणून ते भांडले. पाचव्या दिवशी हृदय थांबलं. डॉक्टरांना ते परत चालवता आलं नाही.

काय उपयोग झाला, असं ज्यांनी विचारलं, त्यांना मी हे पाच दिवस मोजून दाखवते. अर्धा तास थांबलो असतो तर कदाचित हेही मिळाले नसते. आणि एकही दिवस मिळाला नसता, विमान येण्याआधीच सगळं संपलं असतं, तरीही मी तो फोन लावलाच असता. मदत मागण्याचा हक्क ती यशस्वी होण्यावर अवलंबून नसतो. मी तेव्हा कुणाची परवानगी घेतली नाही आणि आजही कुणाची माफी मागत नाही.

मंडळाने पुढच्या वर्षीची सहल रद्द केल्याचं पत्रक काढलं आहे. "सर्वांच्या सुरक्षिततेसाठी," असं त्यात लिहिलंय. ते वाचून मी गेल्या शनिवारी काकूंकडे गेले. बेसमेंटमधलं टेबल त्यांनी आवरलेलं नव्हतं. आवरणारही नाही, म्हणाल्या. काकांच्या खुर्चीत बसायचा धीर होईना, म्हणून मी दुसरी ओढून घेतली आणि येत्या जूनसाठी जंगलाच्या परवान्याचा अर्ज भरायला घेतला. गटप्रमुखाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग मी माझं नाव लिहिलं.

काकूंनी खांद्यावरून वाकून पाहिलं. "मंडळाला विचारलंस?"

"नाही."

"बरं केलंस." त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. "खाली माझंही लिही. आणि पोहता येत नाही म्हणून लिही."