धोक्याचा रकाना

"थोरल्याला इचारून सांगतो."

काहीही विचारा, आप्पांचं पहिलं उत्तर हेच असायचं. म्हैस ठेवायची की विकायची, शेवंती लावायची की झेंडू, मत कुणाच्या पॅनेलला द्यायचं, कुठल्याच प्रश्नाला त्यांनी जागेवर उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. उजव्या हाताची बोटं सदऱ्याच्या पाठीवर पुसत ते उठायचे आणि थोरल्याला विचारायला निघायचे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला पाठीमागे एकाच जागी शेंदरी डाग असे. तो धुऊन जात नाही, असं त्यांची सून वैतागून सांगायची.

मी इंग्रजीचा शिक्षक म्हणून यवतजवळच्या हायस्कुलात लागलो, तेव्हा खुटबावच्या रस्त्यावरच्या त्यांच्या वस्तीवर एक खोली रिकामी आहे असं कळलं. विचारायला गेलो, तर हेच उत्तर मिळालं. मी तीन दिवस वाट पाहिली. हा थोरला भाऊ पांढऱ्या मिशांचा, खाटेवर बसून हुकूम सोडणारा कुणी असणार, असं मी धरून चाललो होतो. चौथ्या दिवशी आप्पा शाळेच्या फाटकाशी आले आणि म्हणाले, "व्हय म्हनला." मग थोरल्यांना भेटून आभार मानायला हवेत, असं मी म्हणालो. आप्पांना एवढा आनंद झाला की त्यांनी माझी बॅग स्वतःच्या खांद्याला अडकवली.

वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याला अगदी चिकटून, कमरेएवढा दगड उभा होता. शेंदराचे थरावर थर चढून त्याचे नाकडोळे बुजून गेले होते. आप्पांनी टोपी काढली आणि म्हणाले, "ह्यो थोरला. सर आल्यात बघ."

मी नमस्कार केला. मनातून हसलो. शिकलेली माणसं हसतात तसं. तुम्हीही हसला असतात, उगीच नाही म्हणू नका.

दगडाची गोष्ट आप्पांनी मला किती वेळा सांगितली, याला गणती नाही. त्यांचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. स्वतः आप्पांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे शिरूरच्या माळांवर गेलं. कॅनॉलला पाणी आलं, ऊस आला, तशी मेंढरं विकून ते शेतीत स्थिरावले. तर फार पूर्वी या घराण्यातल्या भावांच्या कळपावर लुटारू आले. थोरल्याने धाकट्यांना सांगितलं, मेंढरं घेऊन पळा, मागं बघू नका. आणि स्वतः एकटा वाटेत उभा राहिला. "थोरला ऱ्हायला म्हनून धाकली जगली," आप्पा म्हणायचे. "आपन समदी धाकल्याची पोरं. त्येला न इचारता कसं चालंल?"

त्यांना दुसरं कुठलंच व्यसन नव्हतं. सकाळी थोरल्याला पाणी, मग तेल, मग बोटाने शेंदूर, आणि त्यानंतर स्वतःचा चहा. गावात निवडणूक लागली की उमेदवार आधी दगडाला हार घालायचे आणि मग आप्पांकडे यायचे. एकाने तर आपलं चिन्हच दगडापुढे ठेवलं. आप्पांनी ते शांतपणे उचलून त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, त्येला वाचता येत न्हाई.

उसाच्या ट्रॉल्या वाढल्या, तसा तो रस्ता दगडाला वैरी झाला. एका हंगामात वळताना ट्रॉलीचा कोपरा लागला आणि दगडाचा खांदा तुटला. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. मग माझ्याकडे आले. त्यांना काय हवं होतं, ते नीट लक्षात ठेवा, कारण नंतर आम्ही सगळेच ते विसरलो. वर चार पत्रे आणि रस्त्याच्या बाजूला दगडांचा एक ओटा, एवढंच त्यांना हवं होतं. मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहून दिला. निधी नाही, असं उत्तर आलं.

त्याच सुमारास पुण्याहून एक बाई जुन्या दगडांचे फोटो काढत आमच्या भागात फिरत होत्या. हसतमुख, अभ्यासू, उन्हातान्हात हिंडणाऱ्या. त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांनी आप्पांचा थोरला पाहिला आणि हा वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या माणसाचं स्मारक, असं सांगितलं. शेंदराखाली कोरीव काम असणार, असाही त्यांचा अंदाज होता. मग म्हणाल्या की परदेशातली एक संस्था इतर देशांतला असा वारसा जपायला अनुदान देते. मॅडमच्या संस्थेमार्फत अर्ज करता येईल, फक्त तो इंग्रजीत हवा आणि गावातल्याच कुणी लिहिलेला हवा.

गावात इंग्रजी लिहिणारा मी. माझी छाती फुगली, हे कबूल करतो.

पंधरा दिवस आप्पा शाळा सुटली की माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसत. मी विचारायचो, ते सांगायचे. फॉर्ममध्ये दगडाचं महत्त्व सांगण्याचा एक रकाना होता, तो आप्पांच्या गोष्टीने भरला. परंपरेचा रकाना होता, तोही त्यांच्याच सांगण्याने भरला. मग धोक्याचा रकाना आला. या वारशाला नेमका कशापासून धोका आहे, आणि आमच्या पैशाने तो कसा दूर होईल? मी ट्रॉल्या लिहिल्या, रस्ता लिहिला. मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "सर, रस्त्याचा धोका सगळेच लिहितात. शिवाय रस्ता त्यांच्या पैशाने हलत नाही. रोजचा, माणसाकडून होणारा असा काही धोका दाखवता येईल का? त्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही."

मी दाराकडे पाहिलं. आप्पा उंबऱ्याशी शेंगा सोलून माझ्यासाठी ताटलीत ठेवत होते.

मी लिहिलं की एक वृद्ध स्थानिक रहिवासी अज्ञानापोटी या शिल्पाला दररोज तेल आणि शेंदूर फासतो, आणि त्यामुळे शिल्पाची अपरिमित हानी होत आहे. अज्ञानापोटी हा शब्द कुणीही मागितला नव्हता. त्याच्याशिवाय वाक्य तोकडं वाटत होतं, म्हणून मी तो घातला. इंग्रजीत ते वाक्य फार छान उतरलं होतं. मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. आप्पांनी विचारलं, जमलं का? मी म्हणालो, जमलं.

अनुदान मंजूर झालं. गावाने फटाके वाजवले. परदेशी पाहुणे आले, त्यांना फेटे बांधले, मी इंग्रजीत भाषण केलं आणि सरपंचांनी ते समजल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. आप्पा नवं धोतर नेसून उभे होते. थोरल्याकडे पाहुणे आलेत, म्हणून त्यांनी वस्तीवरच्या सगळ्यांना घरचं दूध पाजलं.

मग काम सुरू झालं. दगडाभोवती कापड लावलं आणि आत औषधं, कापूस, बारीक ब्रश घेऊन माणसं बसली. शेंदराचा थर खरवडून निघाला. खाली कोरीव काम कालच केल्यासारखं होतं. पडलेला वीर, त्याच्याजवळ जनावरं, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा. मॅडम थक्क झाल्या. एवढ्या थराखाली होतं म्हणूनच हे टिकलं, उघड्यावरचे असले दगड केव्हाच सपाट झालेत, असं त्या माझ्यादेखत म्हणाल्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दुसरा विषय काढला.

कापड काढलं त्या दिवशी आप्पा बराच वेळ दगडासमोर उभे होते. दगडावर एक चेहरा निघाला होता, बारीक मिशीचा, तरणाताठा.

"कुनाचं तोंड म्हनायचं ह्ये?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, थोरल्याचंच.

छप्पर झालं, चार पत्र्यांपेक्षा कितीतरी देखणं. चहूबाजूंनी लोखंडी जाळी झाली आणि तिला कुलूप लागलं. किल्ली पुण्याला गेली. शेजारी फलक लागला. आप्पांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. स्पर्श करू नये. तेल, शेंदूर, हळदकुंकू वाहण्यास सक्त मनाई आहे. हे कुणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं. वरून आलं, असं मी सांगितलं. आपल्याकडे वरून आलं म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. आप्पांनीही विचारलं नाही.

पण मॅडमच्या संस्थेने माझ्या अर्जासकट कामाची पुस्तिका छापली, अर्ध्या भागात इंग्रजी, अर्ध्या भागात मराठी. सगळ्या वस्तीला वाटली. आप्पांच्या सुनेने ती त्यांना पहिल्या पानापासून वाचून दाखवली. तिचाही दोष नाही. सासऱ्याची गोष्ट छापून आली, याचं तिला कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. वर्गाबाहेर उभे राहिले, तास संपेपर्यंत. मी बाहेर गेलो तर पुस्तिका त्यांच्या हातात होती, उलटी धरलेली.

"सर, त्यो धोका म्हंजी मीच का?"

मी म्हणालो, "आप्पा, ते फॉर्मसाठी होतं. तसं लिहावं लागतं."

"व्हय. फॉर्मसाठी." त्यांनी मान हलवली. "तुम्ही शिकल्याली मान्सं. तुम्हाला दिसलं आसंल. मला वाटायचं मी त्येला बघतोय."

ते चिडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी लिहिलंय म्हणजे आपल्या हातून चाळीस वर्षं थोरल्याचा घातच झाला, असं त्यांनी खरोखर मानलं. त्यानंतर ते जाळीला कधी शिवले नाहीत. येणारीजाणारी माणसं जाळीतून हार आत ढकलायची, कुंकू उडवायची. आप्पा रस्त्यापलीकडे हात मागे बांधून उभे राहायचे आणि त्यांना म्हणायचे, लांब ऱ्हावा, त्येला सोसत न्हाई. सदऱ्यावरचा डाग धुता धुता फिका होत गेला. सून म्हणाली की आता नवे सदरे घ्यायची गरज नाही.

थोरल्याला विचारणंही बंद झालं. पोटात गाठ निघाली, दौंडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. पोरगा आणि सून त्यांना विचारायला बसले. मीही होतो. ते थोरल्याचं नाव काढतील म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो. शेवटी सुनेनेच सुचवलं की जाळीपर्यंत नेते, बाहेरून विचारा. त्यावर ते म्हणाले, "धुतल्यापासनं त्यो बोलत न्हाई. करा तुम्हाला वाटंल तसं." ठरवता ठरवता महिना गेला आणि त्या महिन्यानंतर ठरवण्यासारखं काही उरलं नाही.

ते गेले तेव्हा मी पुण्याला पेपर तपासत होतो. मला कळवलं होतं. मी वेळेवर पोचू शकलो असतो, पोचलो नाही.

परवा परदेशातल्या संस्थेचा फॉर्म आला. अनुदानाला काही वर्षं झाली की ते विचारणा करतात. मूळ अर्जातला प्रत्येक धोका घेऊन त्यापुढे सद्यस्थिती लिहायची आणि सोबत एक फोटो जोडायचा. मॅडमनी गोड शब्दांत आठवण केली की हे नीट भरलं तर तालुक्यातल्या आणखी दगडांसाठी मागता येईल. मी फोटो काढायला गेलो. जाळीच्या आत गवत गुडघाभर वाढलं आहे. छपरात कबुतरं झाली आहेत. वीराच्या गालाचा पापुद्रा सुटला आहे आणि मिशी अर्धी गेली आहे. फॉर्ममध्ये कबुतरांना रकाना नाही, कारण मूळ अर्जात मी ती लिहिलेली नव्हती.

इंग्रजी लिहायच्या आधी मी मराठीत कच्चं लिहितो. तेल आणि शेंदूर फासणारा वृद्ध रहिवासी, सद्यस्थिती, असं वाचलं आणि पुढे लिहून गेलो: आता राहिला नाही.

लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे माणूस गेल्यावर हेच म्हणतात. मग त्याचं इंग्रजी केलं. इंग्रजीत ते फक्त धोक्याबद्दलचं वाक्य झालं, व्याकरणाच्या दृष्टीने अगदी निर्दोष. त्याखाली मी सही केली.