गालातली सुपारी

बंगळुरूच्या येलहंक्यात आमच्या बिल्डिंगखाली मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचा क्लास आहे. तिथल्या सरांच्या गालात कायम सुपारी. मी दिसले की गुरगुरतात, "अक्का, घरबसल्या काम! स्वल्प विचार करा."

नोकरी गेल्यावर मी खरंच गेले. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला. आतला डॉक्टर सरांसारखाच सुपारी चघळत बोलत असावा.

"काही कळेना, सर."

"सरी, बरोबर! म्हणूनच कोर्स!"

तेवढ्यात त्यांना घरून मेसेज आला. सुपारी गालातच ठेवून ते फोनशी पुटपुटले, "येताना कोथिंबीर आणतो." फोनने ते टाइप केलं. मी वाकून पाहिलं. एकही चूक नव्हती.

सरांनी फोन पालथा घातला, सुपारी थुंकली आणि प्रथमच स्वच्छ आवाजात विचारलं, "चहा घेणार, अक्का?"